नामदेवशेठची उघाडी

आमच्या मजल्यावरील नामदेवशेठ पाटील आपल्या पोटावरील स्टोमाला ‘उघाडी’ म्हणतात आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतही तिच्यावर व्याख्यान देतात. कर्करोगामुळे त्यांचे मूत्राशय काढावे लागले. शल्यविशारदांनी आतड्याच्या तुकड्यातून लघवीची वाट पोटावर आणली; तिचे तोंड म्हणजे स्टोमा. वर पिशवी चिकटवायची. शेठची शेती शिरवण्याच्या खाडीकाठी होती. तिथल्या बांधातून शेतातले पाणी खाडीत सोडण्याचे दार म्हणजे उघाडी. "तोंड बुजला का शेत बुडला," हा त्यांचा एकमेव सिद्धान्त.

डॉक्टरांनी बजावलेही तेच होते. हे तोंड आकसले तर लघवी तुंबेल, मूत्रपिंडे धोक्यात येतील, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल. तेव्हापासून शेठच्या हाती सदैव तांब्या. अध्यक्ष बोलत असता मध्येच घटाघटा पाणी पितात आणि म्हणतात, "तुमचा चालू द्या, मी बांध राखतो."

तरीही कातडी सोलवटली, पिशवी गळू लागली. माझा संताप अनावर झाला. सदोष माल विकणाऱ्या पुरवठादारास मी ग्राहक संरक्षण कायद्यान्वये सपरिशिष्ट नोटीस लिहिली आणि पुराव्यासाठी शेठना रुग्णालयातील परिचारिकेकडे नेले. तिने पिशवी काढून पाहिली.

"काका, पिशवीचं भोक कोणी कापलं?"

"मीच. चांगला ऐसपैस! उघाडीचा तोंड मोठा नको?"

"पिशवीचं भोक मोठं केलं म्हणून स्टोमा मोठा राहत नाही, काका. भोवतीची कातडी उघडी पडते, लघवीने भाजते. तिथे व्रण धरला की तोंड आवळतं. मापानेच कापायचं. आणि घरात कोणीतरी रोज नीट बघायला हवं. काकू बघतात ना?"

शेठनी सदरा खाली ओढला. मी नोटीस घडी घालून खिशात ठेवली. प्रतिवादीच बदलला होता.

"तिला दाखवला नाय कवा, दार लावून बदलतो पिशवी," रिक्षात ते पुटपुटले. "तिला किळस आली तं, वकीलसायेब?"

घरी त्यांच्या पत्नी हिराबाई जवळा निवडत बसल्या होत्या. मी निघू लागलो, तर शेठनी माझा दंड घट्ट धरून ठेवला. दुसऱ्या हाताने त्यांनी सदरा वर केला.

हिराबाईंनी हात धुतले, चष्मा लावला, वाकून बराच वेळ पाहिले.

"येवऱ्यासाठी दार लावून बसाचे तुमी?" त्यांनी नवी पिशवी आणि कात्री उचलली. "सरळ उभं रावा. हालू नका."

शेठनी माझा दंड सोडला.