दानशूर ससा आणि उपसलेल्या बॅगा

मुलांवर संस्कार कसे करावेत, हे मी आजवर पुष्कळांना न विचारता सांगितलं आहे. अधिकारच आहे माझा; मी मुलांची चित्रपुस्तकं लिहितो. माझ्या ताज्या पुस्तकातला ससा सुट्टीत समुद्रावर जायला निघतो. उड्या मारत बॅग भरतो आणि वाटेत भेटेल त्याला एकेक वस्तू देऊन टाकतो. रिकाम्या बॅगेनिशी पोचतो तेव्हा तो जगातला सगळ्यात सुखी ससा असतो. बायकोने वाचून एवढंच विचारलं, की मग तो पोहून आल्यावर अंग कशाने पुसतो? काही लोकांना साहित्य कळत नाही.

सुट्टी लागली त्या दिवशी वाचनालयाच्या बाईंनी मला मुलांसमोर हे पुस्तक वाचायला बोलावलं. आमच्यासारखी बरीच कुटुंबं तिथूनच परस्पर प्रवासाला निघणार होती, त्यामुळे सगळ्यांच्या बॅगा व्हरांड्यात रचलेल्या होत्या. मी असा काही वाचला तो ससा, की मुलांची पापणी लवेना. नंतर मोठी माणसं मला घेरून चहा पीत राहिली आणि मी बालमनावर बोलत राहिलो. बालमनावर बोलताना मुलं मध्ये लुडबुडत नाहीत, हे केवढं सुख.

पलीकडच्या खोलीत पेन्शनर मंडळी वर्तमानपत्रं वाचत बसतात. तिथून खिदळणं ऐकू आलं म्हणून बाई बघायला गेल्या आणि परत येऊन माझ्याकडे नुसत्या बघत उभ्या राहिल्या. आम्ही धावलो. निवृत्त पोस्टमास्तर कुणाच्या तरी वहिनींची गुलाबी हॅट घालून अग्रलेख वाचत होते. एका आजोबांच्या गळ्यात पोहायची रबरी रिंग होती. एक आजी माझ्या बायकोची कोरी शाल पांघरून बसल्या होत्या. आणि मुलं "घ्या ना, घ्या ना" करत बॅगा उपसत होती.

वस्तू परत मागायचं काम अर्थातच लेखकावर आलं. पोस्टमास्तर शांतपणे म्हणाले, "दिलेलं परत घेतात, हे कितव्या पानावर आहे?"

मी म्हणालो, काका, ती नुसती गोष्ट आहे. त्यावर एका चिमुरडीने ओठ काढून विचारलं, म्हणजे ससा खोटा? आता खोटा म्हणावं तर पुस्तक बुडतं, खरा म्हणावं तर संसार. मी ठोकून दिलं की ससा खराच, पण त्याने आधी आईला विचारलं होतं. मुलांनी लगेच पुस्तक उघडून पानं तपासली. आई कुठेच नव्हती.

शेवटी बाकीच्या पालकांनी हातापाया पडून आपापलं सामान सोडवलं. बायको शाल घ्यायला गेली, तर आजी म्हणाल्या, "किती वर्षांनी कुणी अंगावर पांघरूण घातलं गं." बायकोने शालीचं टोक त्यांच्या खांद्यावर नीट सारखं केलं आणि तशीच परत आली. मी यावर दोन शब्द बोलणार होतो, पण तिने माझ्याकडे पाहिलं.

गाडीची वेळ झाली. आमची बॅग उचलली तर चांगली जड लागली. शाल गेली, पण बाकीचं वाचलं म्हणून मी लेकीची पाठ थोपटली.

ती हिरमुसून म्हणाली, "नाही बाबा, आपलंही सगळं देऊन झालं. फक्त तू वाटायला घेतलेली तुझी पुस्तकं उरलीत. मी प्रत्येकाला विचारलं रे. कुणालाच नकोत."