रामटेके काकूंचं परराष्ट्र धोरण

निवडणूक जाहीर झाली की लंडनमधल्या आमच्या एजवेअरमध्ये मतं मागत फिरणारी माणसं दोन गोष्टींना घाबरतात. एक, अंगणात मोकळं सोडलेलं कुत्रं. दोन, रामटेके काकू. कुत्रं निदान बाहेरच चावतं. काकू आत बोलावतात.

इथला रिवाज असा की उमेदवाराने दाराशी यायचं, छातीवरचं रोझेट, म्हणजे पक्षाच्या रंगाचं रिबनचं फूल, दिसेल असं उभं राहायचं, हसायचं, लीफलेट द्यायचं आणि पुढचं दार गाठायचं. कुणी कुणाला घरात घेत नाही. काकूंना हे अजिबात मान्य नाही. "दारात आलेल्या माणसाला पायरीवरून वाटेला लावायचं? तो काय पार्सलवाला आहे?" असं म्हणत त्या उमेदवाराला कोटाच्या बाहीला धरून आत ओढतात, बूट काढायला लावतात, एका ठेंगण्या स्टुलावर बसवतात आणि हातात तर्री-पोह्यांची प्लेट देतात. मग कमरेवर हात ठेवून एकच प्रश्न विचारतात: "इस्रायल आणि पॅलेस्टाईनबद्दल तुझं मत काय?"

रस्त्यातले खड्डे नाही, डॉक्टरची अपॉइंटमेंट नाही, कौन्सिल टॅक्स नाही. थेट परराष्ट्र धोरण.

ज्यांनी नागपूरची तर्री खाल्लेली नाही त्यांच्यासाठी सांगते. पोह्यांवर काळ्या हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात, वर तेलाचा तवंग, बाजूला लिंबू. काकूंचा मसाला दर वर्षी कुणाच्या तरी सुटकेसमधून नागपूरहून येतो. पहिल्या चमच्याला माणूस "लव्हली" म्हणतो. दुसऱ्याला गप्प होतो. तिसऱ्याला टायची गाठ सैल करतो. काकूंचं म्हणणं, तर्री खाताना माणूस खोटं बोलूच शकत नाही, कारण खोटं जुळवायला जो निवांतपणा लागतो तो त्याच्याकडे उरत नाही.

"मले बघायला आले तेव्हा आमच्याकडे पोहेच केले होते," काकू मला एकदा म्हणाल्या. "मी खाली मान घालून बसली आणि सात माणसं मले प्रश्न विचारत होती. स्वयंपाक येतो का, चालून दाखव, अमकं वाचून दाखव. तेव्हाच ठरवलं, एक दिवस मी पोहे देईन आणि प्रश्नही मीच विचारेन."

काकू इथे एका शाळेत डिनर लेडी होत्या. जेवणाच्या सुट्टीत पोरांना वाढायचं आणि ताटात मटार उरले तर उठू द्यायचं नाही, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. त्यामुळे खासदारकीचा उमेदवार असो की आठ वर्षांचं पोरगं, त्यांच्या लेखी फरक फक्त टायचा. उमेदवार "मला पुढे जायचंय" म्हणाला की त्या प्लेटकडे बोट दाखवतात. "पोहे थंड होतायत." हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणी विषय बदलला, की पोहे थंड होतायत. कुणी लांबण लावली, की पोहे थंड होतायत. फोनवर त्यांचा लीड्सचा डॉक्टर मुलगा हॉस्पिटलची कारणं सांगू लागला तरीही तेच, आणि तिकडे तर पोहे नसतातच.

मी त्यांच्या शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. मीही नागपूरची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारता सांगते. काकूंना त्याचा माझ्याइतकाच अभिमान आहे, पण दाखवण्याची पद्धत निराळी. त्या मला नावाने हाक मारतच नाहीत. "ए पदवीधर, बल्ब लावून दे." "ए पदवीधर, हा डबा उघडत नाही, तुझ्या डिग्रीला सांग." या निवडणुकीत मात्र मला बढती मिळाली. उमेदवार आला की मी पाण्याचा जग घेऊन बाजूला उभं राहायचं. गरज पडली तर दूधही.

त्यामुळे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पहिला आला तो उंच, गोरा, फार सभ्य. प्रश्न ऐकून त्याने एक श्वास घेतला आणि म्हणाला, "परिस्थिती अत्यंत गुंतागुंतीची आहे."

"हो," काकू म्हणाल्या. "माझ्या गुडघ्याची पण. पुढे?"

पुढे त्याने बरंच सांगितलं. सर्व बाजू, चर्चा, दीर्घकालीन तोडगा, आंतरराष्ट्रीय समुदाय. आणि तेव्हा काकूंनी ती विचित्र गोष्ट केली, जी त्या प्रत्येक वेळी करतात. डायनिंग टेबलाजवळ त्यांच्या दोन खुर्च्या आहेत. एकीवर हिरवी उशी, दुसरीवर लोकरीने विणलेलं आसन. या खुर्च्यांवर कुणालाही बसू देत नाहीत, खुद्द उमेदवारालाही नाही, म्हणून तर तो स्टुलावर. काकूंनी आधी हिरव्या उशीकडे पाहिलं, त्याचं वाक्य तोंडातल्या तोंडात म्हटलं. मग लोकरीच्या आसनाकडे वळून तेच म्हटलं. मग मान हलवली. "नाही बसत."

"काय बसत नाही?" तो गोंधळला.

"वाक्य. पोहे खा."

दुसरा अगदी उलट. स्पष्ट मतांचा, आवाज भारी, हातवारे. काकूंनी त्याला उभंच केलं. "हे आता या खुर्चीला सांग." त्याने खणखणीत सांगितलं. "शाब्बास. आता त्या खुर्चीला सांग." तो दुसऱ्या खुर्चीकडे वळला, तोंड उघडलं आणि थांबला. "मॅडम, या खुर्चीत कुणीच नाहीये."

"त्या पहिलीत होतं का?" काकूंनी विचारलं.

कुठली खुर्ची त्याला सोपी गेली ते मी लिहिणार नाही, नाहीतर तुम्ही लगेच त्याचा पक्ष शोधत बसाल. शिवाय दोन दिवसांनी तिसरा आला, त्याला नेमकी उलटी खुर्ची जड गेली. त्याने तर पोहेही अर्धे टाकले. काकूंनी डबा भरून दिला.

खुर्च्यांचं कोडं मला नव्हतं. मला माहीत होतं त्या कुणाच्या.

हिरवी उशी रूथची. रूथ समोरच्या घरात राहते, पूर्वी मुलांना पियानो शिकवायची. ज्यू आहे, बहीण इस्रायलमध्ये. लोकरीचं आसन हनानचं, तिनेच विणलेलं. हनान मागच्या गल्लीत राहते, शिवणकाम करते. पॅलेस्टिनी आहे, भाऊ गाझात. दर गुरुवारी चारला या तिघी काकूंच्या टेबलाशी बसायच्या. तिघींची तीन इंग्रजी, पण भांडणं एकाच विषयावर: चहात दूध आधी की नंतर. भिंतीपलीकडे मी लॅपटॉपवर कॉल घेत असताना त्यांचं हसणं ऐकू यायचं आणि माझा मॅनेजर विचारायचा, पार्टी आहे का घरी?

काकूंचे यजमान, रामटेके काका, वारले तेव्हा मी इथे नवीनच होते. बुद्धवंदनेसाठी आमची मंडळी जमायच्या आधीच या दोघी हजर होत्या. रूथने कुणाला न विचारता घरातले सगळे आरसे चादरींनी झाकून टाकले. त्यांच्यात दुःखाच्या घरात आरसे झाकतात. हनानने गॅसची शेगडीच ताब्यात घेतली. त्यांच्यात अशा घरात चूल पेटू देत नाहीत, जेवण शेजारून येतं. काकूंना दोन्हींतलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं चादरी धुवायला काढल्या असतील. आरसाच नाही म्हणून आठवडाभर त्या ओव्हनच्या काळ्या काचेत बघून भांग पाडत होत्या, आणि भांग रोज कानाकडे जात होता. शेवटी एका सकाळी हनानला तो वाकडा भांग पाहून हसू फुटलं, मग रूथला, मग काकूंना. दुःखाच्या घरात तिघी अशा हसल्या की शेजारच्या घरातले लोक बघायला आले.

मग ते युद्ध सुरू झालं. पहिल्याच दिवशी रूथच्या बहिणीच्या शेजारचा मुलगा मारला गेला, बहिणीकडे सुट्टीला गेल्यावर रूथने त्याला लहानपणी पियानो शिकवला होता. पुढे काही महिन्यांत हनानच्या भावाचं घर कोसळलं. दोन भाच्या गेल्या. एका गुरुवारी या टेबलाशी एक वाक्य बोललं गेलं, त्याला दुसरं उत्तर आलं, आणि दोन कप अर्धे राहिले. तेव्हापासून रूथ मंगळवारी येते आणि हनान शनिवारी. गुरुवारी काकू एकट्याच चहा करतात. भिंतीपलीकडून मला फक्त किटली ऐकू येते.

एवढं सगळं माहीत असूनही मी मूर्ख. मला वाटायचं काकू उमेदवारांची गंमत करतात.

चौथी आली ती एमिली. अपक्ष, तिशीतली, पावसात भिजलेली, रोझेट स्वतःच कापून शिवलेलं. तिला आत ओढावं लागलं नाही, तीच म्हणाली, "बाथरूम वापरू का?" काकूंना मुलगी तिथेच आवडली. तिने तर्रीचा पहिला चमचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि आणखी मागितली.

काकूंनी प्रश्न विचारला. एमिली म्हणाली, "मारणं थांबावं, पळवून नेलेली माणसं घरी यावीत, उपाशी लोकांना अन्न मिळावं, आणि दोन्हीकडच्यांना निर्धास्त जगता यावं. हे माझं मत."

काकू खुर्च्यांकडे वळल्या. हिरवी उशी, लोकरीचं आसन. ओठ हलले. या वेळी लगेच मान हलवली नाही. मग म्हणाल्या, "खरं आहे. पण नाही बसत."

एमिलीने चमचा खाली ठेवला. "या खुर्च्या कुणाच्या आहेत?"

इतक्या उमेदवारांत हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच. काकूंनी सांगितलं. दोघींची नावं, दूध आधी, दूध नंतर, आरसे, ओव्हन, सगळं. मग म्हणाल्या, "तुम्ही एवढे शिकलेले. पार्लमेंटात भाषणं करता. मले फक्त एक वाक्य पाहिजे. दोघी बसल्या असताना म्हणता येईल असं. एकीने पण उठून जाऊ नये."

मी हातात जग धरून तशीच उभी. माझी डिग्री, माझं इंग्रजी, आणि इतके दिवस ही बाई दाराशी आलेल्या अनोळखी माणसांकडे एक वाक्य मागत होती.

एमिलीने दोन्ही खुर्च्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझ्याकडे नाही तसं वाक्य. असतं तर आधी मी माझ्या घरी वापरलं असतं. माझे वडील आणि भाऊ याच विषयावरून एकमेकांच्या घरी जात नाहीत." मग तिनेच विचारलं, "पण तुमचे यजमान गेले तेव्हा त्या दोघी काय म्हणाल्या होत्या?"

"म्हणतील काय त्या? काहीच नाही. एकीने आरसे झाकले, एकीने—"

काकू मध्येच थांबल्या. मग पहिल्यांदाच, उमेदवाराच्या नाही, स्वतःच्या बाबतीत म्हणाल्या, "पोहे थंड होतायत."

मतदान गुरुवारी होतं. इथे ते गुरुवारीच असतं. काकूंनी बुधवारी मला हुकूम दिला: "उद्या दहा वाजता गाडी काढ. रूथला काठी घेऊन तेवढं चालवत नाही. हनानचा पाय पण दुखतोय."

"काकू, अहो दोघींना दहाचीच वेळ दिलीत का? चुकून?"

"मी डिनर लेडी होती. दोनशे पोरांच्या पाळ्या लावल्या. मी चुकेन?"

दहाला मी पोचले तर फाटकाशी दोघी समोरासमोर. रूथ काठीवर रेलून, हनान पिशवी छातीशी धरून. दोघींची पावलं परत फिरायच्या बेतात. तेवढ्यात दारातून आवाज आला, शाळेच्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा: "पोहे थंड होतायत!"

त्या आवाजाला नाही म्हणायची सवय दोघींनाही नव्हती. आत आल्या.

हॉलमधला आरसा झाकलेला होता. काकूंची पांढरी साडी, चार कोपऱ्यांना चिमटे लावून. गॅस बंद, टेबलावर जेवण झाकून ठेवलेलं. आयुष्यभर प्रश्न विचारणारी बाई भिंतीला टेकून गप्प उभी होती.

रूथ आरशापाशी थांबली. हनान शेगडीकडे बघत राहिली. दुखवटा कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही. मला वाटलं, आता कुणीतरी एक निघून जाणार.

मग हनानची नजर काकूंच्या डोक्याकडे गेली. भांग सरळ कानाकडे चालला होता.

"ओव्हन?" हनानने विचारलं.

"ओव्हन," काकू म्हणाल्या.

हसू कुणाला आधी फुटलं ते सांगता येणार नाही. रूथ हसता हसता हिरव्या उशीवर बसली. हनानने पिशवीतून कंगवा काढला, काकूंना स्टुलावर, होय, त्याच उमेदवारांच्या स्टुलावर बसवलं आणि भांग नीट पाडू लागली. रूथ लांबून सूचना देत होती: "डावीकडे. नाही, तुझ्या नाही, तिच्या डावीकडे." तर्री त्या दिवशी थोडी खारट झाली होती. खारट नव्हती असं तिघीही म्हणतात.

मग आम्ही मतदानाला गेलो. चर्चचा हॉल, पेन्सिल दोरीने बांधलेली. तिघींनी तीन निरनिराळ्या उमेदवारांना मत दिलं असणार, याबद्दल मला शंका नाही. एमिली हरली. काकूंनी तिला डबा पाठवला.

पण मला सांगायचंय ते परतीच्या वाटेबद्दल. काकू पुढे माझ्या शेजारी, दोघी मागे. मी गाडीच्या आरशात बघायला लागले तर काकूंनी माझ्या हातावर हलकेच चापट मारली. "रस्त्याकडे बघ."

मग मागून रूथचा आवाज आला, अगदी हळू. "मुलींची नावं काय होती?"

हनानने एक नाव सांगितलं. मग दुसरं. मग म्हणाली, "आणि तुझा तो पियानोवाला मुलगा?"

आमची गल्ली समोर आली. मी इंडिकेटर दिला. काकूंनी समोरच्या काचेतून नजर न हलवता, सरळ भांग पाडलेलं डोकं ताठ ठेवून, मला म्हटलं, "ए पदवीधर. इथून नको. लांबून घे."