महाराज फोकसमध्ये कसे बसले

मुलांनो, एका जंगलात एक तळं होतं. जंगलाचं नाव विचारू नका. अब्रुनुकसानीचे दावे हल्ली जंगलातही होतात.

तळ्याच्या काठावर, खडीत, एक टिटवी राहायची. टिटवी काही सुगरण नव्हे. ती चार खडे इकडे-तिकडे सरकवते आणि त्याला घर म्हणते. त्यातच अंडी घालते. उन्हाळ्यात खडी तापली की ती तळ्यात उतरते, पोट भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते. अंडी थंड राहतात. म्हणजे तळं आहे तर पिल्लं आहेत. तळं गेलं तर ऑम्लेट. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढची गोष्ट कळेल.

त्या वर्षी तळं भराभर आटायला लागलं. सगळे म्हणाले, ऊन फार आहे. पण ऊन रात्रपाळीही करतं, हे टिटवीला पटेना. तिने तळ्याला फेरी मारली. पलीकडच्या बांधाला कुणीतरी चांगला रुंद चर मारला होता. पाणी त्यातून खळखळ वाहत थेट बिबट्याच्या उसात जात होतं.

बिबट्या म्हणजे सिंहमहाराजांचा मेहुणा. पूर्वी तो रानात राहायचा. अलीकडे त्याने ऊस केला होता आणि उसातच राहत होता. ऊस मोठा गोड. पाण्याशिवाय त्याचं पान हलत नाही.

टिटवी ओरडली. ओरडणं हाच तिचा धंदा. "पाणी चोरलं! पाणी चोरलं!"

"झालं हिचं सुरू," रानम्हैस कूस बदलत म्हणाली. "मेली अपशकुनी."

"पुरावा आहे का?" वानराने झाडावरून विचारलं. "फोटो दाखव. नुसतं बोंबलायला काय लागतं?"

आता फोटो काढणं अवघड नव्हतं. महाराजांनी आपल्या वाढदिवसाला घरटी एक नवाकोरा कॅमेरा फुकट वाटला होता. फार हुशार कॅमेरा. प्रजेला काहीच करावं लागत नसे. फोकस आपोआप व्हायचा. एवढंच, की तो आधी आयाळ शोधायचा. सशाने आपल्या पोरांचा फोटो काढला तर पोरं धूसर यायची आणि मागच्या झाडावरचं महाराजांचं पोस्टर लख्ख यायचं. टिटवीने त्याच कॅमेऱ्याने चराचा फोटो काढून पाहिला. फोटोत पोस्टर आलं. खालच्या शुभेच्छुकांच्या नावांसकट.

तेव्हा टिटवी तरसाकडे गेली.

तरस करवंदीच्या जाळीत जुन्या मालाचं दुकान चालवायचा. दुसऱ्यांनी टाकलेलं उचलायचं आणि तिसऱ्याला विकायचं, हा त्याचा पिढीजात व्यवसाय.

"या, टिटवीबाई! आज आवाज नाही? घसा बसला की काय?"

"कॅमेरा हवाय. ज्याचा फोकस माझा मला करता येईल, असा."

तरस खो-खो हसला. "हाताने फिरवायचा? अहो, रोलवाले कॅमेरे आता फक्त म्हातारे आणि भांडखोर घेतात."

"मी दोन्ही आहे. दाखव."

तरसाने आतून एक काळा, जडशीळ कॅमेरा आणला. कोपऱ्यांचा रंग उडून पितळ दिसत होतं. "एकहाती वापर. पहिला मालक अस्वल. फक्त लग्नाचे फोटो काढायचा. कधी पाडला नाही."

"मग हा पोचा कसला?"

"एका लग्नात मारामारी झाली होती."

टिटवीने मागचं झाकण उघडायला चोच लावली. तरसाने झडप घालून कॅमेरा ओढला. "अहो, उघडू नका! आत रोल आहे. उजेड शिरला की मेला. एक फोटो शिल्लक आहे त्यात, तो तुम्हाला वर फुकट."

"आणि दुसरा रोल?"

"तो आता कुठे मिळतोय? कारखानाच बंद पडला."

"म्हणजे आत काय आहे ते न बघताच घ्यायचा?"

"राजा निवडताना कुठे आत बघितलं होतंत?"

टिटवीला हे उत्तर आवडलं. पण तिने चेहरा तसाच ठेवला. जुनी वस्तू घेताना खूश दिसू नये, एवढं तिला कळत होतं.

मग लेन्स आल्या. एक आखूड, एक लांब. आखूड लेन्सच्या पोटातली पाती तेलकट होऊन एकमेकींना चिकटली होती. टिटवीने ती बाजूला सारली. लांब लेन्स तिने उजेडात धरली. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पसरलं होतं.

"तरसशेट, ही बुरशी आहे."

"बुरशी? छे! त्याला नजाकत म्हणतात. फोटो कसा मऊ येतो बघा."

"रिंग फिरवताना खरखरते."

"वाळू गेलीय थोडी. तिचे वेगळे पैसे लावत नाही."

"यात आपोआप काहीच होत नाही?"

"आपोआप फक्त बुरशी वाढते. बाकी सगळं तुम्हीच करायचं."

टिटवीने लांब लेन्स चढवली, मागे सरकली आणि डोळा लावला. मधोमध एक छोटं वर्तुळ होतं, आडवं कापलेलं. त्यात तरसाचे दोन तुकडे दिसत होते. डोळे एकीकडे, जबडा भलतीकडे. तिने हळूहळू रिंग फिरवली. तुकडे सरकत सरकत जुळले आणि अख्खा तरस लबाडीसकट स्वच्छ दिसू लागला. आयाळ कुठेच नव्हती.

"काय घेशील?"

"तुमचं ओरडणं," तरस म्हणाला. आता तो हसत नव्हता. "मी माल उचलायला निघालो की तुम्ही बोंब मारता. जंगल जागं होतं. धंदा बसतो माझा. आजपासून आवाज बंद. एकदा जरी ओरडलात, तरी कॅमेरा परत."

टिटवीजवळ आवाजाशिवाय होतं काय? पण आवाज कुणी ऐकत नव्हतं आणि पुरावा सगळे मागत होते. तिने मान हलवली.

इकडे महाराजांनी जलपूजनाचा घाट घातला. तळं भरलं की जलपूजन करतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. महाराजांचं मत असं, की जलपूजन केलं की तळं भरलंय असं दिसतं.

समारंभ थाटात झाला. महाराज डबक्याएवढ्या पाण्यात नारळ सोडत होते. नारळ बुडत नव्हता, चिखलात रुतत होता. सगळ्या जंगलाने आपापले कॅमेरे रोखले. सगळं जंगल महाराजांकडे बघतंय म्हटल्यावर पलीकडच्या बांधावर बिबट्या निवांत चर आणखी खोल करत होता.

टिटवीने रिंग फिरवली. आधी आयाळ स्पष्ट झाली. ती थांबली नाही. पुढे फिरवत गेली. आयाळ विरघळली, आणि दूरवर अर्धा बिबट्या इकडे, अर्धा तिकडे असा दिसू लागला. आणखी किंचित. दोन्ही अर्ध्यांचा मिळून एक चोर झाला.

खट्ट! रोल संपला.

वटवाघळाने आपल्या अंधाऱ्या ढोलीत रोल धुऊन दिला. टिटवीने फोटो वडाच्या बुंध्याला लावला. पुढे एक पिवळसर धुरकट गोळा. मागे बिबट्या, त्याच्या पंजात फावडं, चरातून उसळणारं पाणी. त्याच्या अंगावरचा ठिपकान् ठिपका मोजून घ्यावा असा.

सगळं जंगल जमलं.

"अरे देवा," रानम्हैस म्हणाली. "महाराजांना काय झालं?"

"हललेत," वानर म्हणालं. "नाहीतर कॅमेरा भंगार."

"हा राजाचा अपमान आहे!" कुणीतरी गरजलं. लगेच सगळेच गरजले.

बिबट्याला घाम फुटला होता. पण फोटोच्या मागच्या भागाकडे कुणीच बघत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. तो खाकरून म्हणाला, "मी तर बांधाची पाहणी करत होतो, दाजी. समारंभ सोडून. कर्तव्य म्हणून."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला तिथल्या तिथे जलसंधारण समितीचा अध्यक्ष केलं.

टिटवीने ओरडण्यासाठी चोच उघडली. समोर तरस दिसला. तिने चोच मिटली. काठावर खडी तापत होती. तळ्यात पोट भिजवण्यापुरतंच पाणी उरलं होतं. आणि तेव्हा, मुलांनो, त्या भांडखोर पक्ष्याने आयुष्यात प्रथमच गोड आवाज काढला.

"महाराज, कॅमेऱ्याची काही चूक नाही. जिथे फोटो स्पष्ट येतो, तिथे महाराज नव्हते. चुकीचाच प्राणी तिथे उभा होता."

महाराजांनी फोटो नीट पाहिला. बिबट्याचा एकेक केस वेगळा दिसत होता. त्यांना मत्सर वाटला. "तिथे मी असतो तर?"

"आयाळीचा एकेक केस मोजून घ्या."

"चला!" महाराज उठले.

टिटवीने त्यांना बांधावर नेलं आणि चराच्या तोंडाशी थांबवलं. "इथे, महाराज. उभे नको, बसा. थोडं मागे. अजून थोडं." बिबट्याने हावरेपणाने चर रुंद केला होता. महाराज त्यात बरोबर मावले. पाण्याची खळखळ थांबली.

"दाजी, उठा," बिबट्या कासावीस होऊन म्हणाला. "चिखल लागतोय."

"लागू दे."

"दाजी, माझा ऊ... ऊन लागेल तुम्हाला."

"गप्प बस! फोकस चाललाय."

टिटवीने डोळा लावला आणि रिंग फिरवली. इकडे थोडी, तिकडे थोडी. खर्र, खर्र. "हलू नका, महाराज. आत्ताच जुळत होतं." महाराजांनी श्वास रोखला. दिवस मावळला. महाराज म्हणाले, जेवण इथेच आणा. मग दरबारही तिथेच भरू लागला. चिखल त्यांच्याभोवती वाळून घट्ट बसला. तळाच्या झऱ्यांचं पाणी आता तळ्यातच साठू लागलं. ऊस पिवळा पडला. "महाराजांनी देह ठेवून बांध अडवला" अशी दवंडी फिरली, आणि दवंडीच्या इतिहासात प्रथमच ती खरी होती.

टिटवी अधूनमधून तळ्यावर जायची, पोट भिजवायची, अंड्यांवर बसायची. परत येऊन रिंग फिरवायची. एका सकाळी खडीतले चार खडे उठून चालू लागले. ती पिल्लं होती.

त्या दिवशी तरस हळूच तिच्याशेजारी येऊन बसला. बराच वेळ तो कॅमेऱ्याकडे बघत राहिला.

"टिटवीबाई, रोल तर केव्हाच संपला ना? मग आत आहे काय?"

टिटवीने डोळा काढला नाही.

"हळू बोल, तरसशेट. ओरडायचं नाही, असं ठरलंय आपलं." आणि मग मधाळ आवाजात पुढे म्हणाली, "महाराज, हनुवटी किंचित वर."

तात्पर्य: चोरी दिसली तर चोरीचा फोटो काढण्यात वेळ दवडू नये, तो कुणी बघत नाही. चोरीच्या भोकात राजाला बसवावं आणि त्याचा फोटो काढायला घ्यावा. कॅमेरा जुना चालतो. लेन्सला बुरशी असली तरी चालते. रोल मात्र चुकूनही घालू नये. रोल असला की फोटो निघतो, आणि फोटो निघाला की महाराज उठतात.