दत्तूमामांचं 'फिट'

दत्तूमामा रस्त्यात भेटले की रामराम नंतर करायचे. आधी तुमच्या मानेमागं हात घालून कॉलर उलटी करून बघायचे, मग दोन बोटं काखेखाली घालून शिवण चाचपायचे आणि शेवटी पाठ दाखवायला लावायचे. गुलमंडीच्या भर चौकात, आजूबाजूनं टांगे नि सायकली चाललेल्या असताना, एखादा चांगला शिकलासवरलेला माणूस स्वतःभोवती गोल फिरताना दिसला तर समजावं, समोर दत्तूमामा उभे आहेत. तपासणी संपली की ते एकच प्रश्न विचारायचे.

"कुणाचा हात हाय हा?"

परगावाहून आलेल्या नवऱ्याच्या सदऱ्याला परक्या अत्तराचा वास यावा आणि बायकोनं "कुणाकडं उतरला होतात?" म्हणून विचारावं, तसा तो सूर असे. चांगली चांगली माणसं गडबडून जायची. मामा शिंपी होते आणि गिऱ्हाइकानं दुसऱ्याकडं कपडा शिवणं हा त्यांच्या लेखी व्यभिचार होता. आमच्या गल्लीतले एक वकील पुण्याहून कोट शिवून आले, तर वर्षभर तो फक्त कोर्टाच्या आवारातच घालायचे. गल्लीच्या तोंडाशी आले की काढून हातावर टाकायचे, ऐन थंडीतसुद्धा.

मामा मूळचे पिशोरचे. निजामाच्या अमदानीत पोरवयात शहरात आले आणि शेरवान्या शिवणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली तयार झाले. पुढं पोलीस ॲक्शन झाली. कचेरीतली उर्दू गेली, तशा हळूहळू शेरवान्याही गेल्या आणि बुशकोट-पँटी आल्या. पँटीबरोबर एक इंग्रजी शब्द आला: फिट. मामांना इंग्रजी एवढंच यायचं. पण त्या एका शब्दावर त्यांनी उभा संसार रेटला.

"शेरवानीला फिट नसतं," ते म्हणायचे, "तिला रुबाब असतो. पँटीला रुबाब नाय, म्हणून फिट लागतं."

हळूहळू हा शब्द कपड्यातून निसटला आणि सगळीकडं पसरला. वरणात मीठ बेताचं पडलं की ते फिट. गल्लीत कुणाचं लग्न ठरलं की "जोडी फिट हाय." आजारातून उठलेला म्हातारा फिट, बिजागरीला तेल दिलेलं दार फिट, आणि तालुक्याच्या साहेबाला कुणी चहापाणी करून वळवलं तर "साहेबाला फिट केलं." जे फिट नाही ते ढिलं. भाषणं ढिली असत, सरकार ढिलं असे, आमचे वडील, नाना, तर कायमचेच ढिले.

मला सरकारी नोकरी लागली तेव्हा डॉक्टरांनी तपासून 'फिट' असा दाखला दिला. मी पेढे घेऊन गेलो आणि कौतुकानं सांगितलं. मामांचा पेढा हातातच राहिला.

"फिट? त्यानं लिहिलं?"

"हो."

"माप घेतलं का?"

"छाती मोजली, मामा."

"फुगवून का बिनफुगवता?"

"दोन्ही."

मामांनी पेढा परत पुड्यात ठेवला. मग म्हणाले, "लहानपणापासून तुझी छाती मी मोजतोय, अन् फिट म्हणणार डॉक्टर! व्हय, बाबा. त्याचं राज्य हाय."

असा हा मत्सरी माणूस. पण त्यांच्या मत्सराला खरी धार चढली ती रंगनाथ आल्यावर.

रंगनाथ हा मामांचा साडू, म्हणजे मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जालन्याचा. वयानं बराच लहान, केस मागं फिरवलेले, सदा हसरा. तोही शिंपीच. त्यानं बायकोसह इथं बिऱ्हाड केलं आणि गुलमंडीच्या हमरस्त्यावर दुकान थाटलं. माणसाएवढा आरसा, दोन मशिनी आणि बाहेर रंगीत पाटी: 'फिटिंगची गॅरंटी'.

मामांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीनच्या पाठीमागं पडदा आणि पडद्यामागं मामी. हमरस्त्यावर जागा बघा म्हणून लोक किती वर्षं सांगत होते, पण मामा "इथंच बरं हाय" म्हणून विषय संपवत. आता त्याच हमरस्त्यावर साडू बसला, आणि तोही पाटी लावून.

"शब्द माहा," मामा मला म्हणाले. "गल्लीतल्या शेंबड्या पोराला विचार, फिट कुणाचा शब्द हाय. ह्यानं त्याला शेपूट लावलं अन् पाटीवर चढवला!"

त्यानंतर मामांना रोज दुपारी गुलमंडीत काहीतरी काम निघू लागलं. कधी दोरा संपायचा, कधी बटणं. रंगनाथच्या दुकानासमोरून ते मान सरळ ठेवून जात, पण डोळे मात्र कानाला लागलेले असत. परत आले की मशीन धडाधड चालवत. "ते अमके सर होते आत. पँट उसवली व्हती तवा रात्री उठवलं व्हतं मला त्यांनी. अन् आज हसत हसत माप देतात तिथं!"

रंगनाथला याचा पत्ताच नव्हता. तो दर रविवारी बायकोला घेऊन यायचा, थेट पडद्याआड जायचा आणि 'अक्का, अक्का' करत मामींना हसवायचा. मामी मोठ्यानं हसत. बाहेर मशीनचा वेग वाढे. एकदा मी तिथं बसलेलो असताना आतून असा काही हशा आला, की मामांनी एका पायजम्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले.

"काय एवढं हसण्यासारखं असतं हो त्याच्यात?" मामांनी मला विचारलं. "मी सांगितलं तर हसत नाय ती. तोच किस्सा हाय, मीच सांगितलाय त्याला."

अशात माझं लग्न ठरलं. सासरे जालन्याचे, रंगनाथच्या ओळखीचे. नवरदेवाचा सूट त्यांच्याकडून होता आणि त्यांनी मला न विचारताच कापड रंगनाथकडं टाकून दिलं.

मामांना बातमी लागली त्या दिवशी ते आमच्या घरी आले. आईनं पाट दिला, त्यावर बसले, चहाला नको म्हणाले.

"वसंता, बारशाचं आंगडं कुणी शिवलं तुझं?"

"तुम्ही."

"मुंजीचं?"

"तुम्हीच, मामा."

"मॅट्रिकच्या परीक्षेचा सदरा?"

"तोही तुमचाच."

"मंग आता लग्नालाच दुसरा कामून?"

आई पदर तोंडाला लावून आत गेली. हसायला की रडायला, कळलं नाही. मी सासऱ्यांची बाजू सांगू लागलो, पण मामांनी हात वर केला. "तुझा दोष नाय. लग्न म्हणलं की माणूस सासऱ्याच्या मापाचा व्हतो." आणि उठून गेले.

लग्नाला येतील की नाही, याची आम्हाला धास्ती होती. पण आले. इस्त्रीची टोपी, नवं धोतर, आणि सवयीनं गळ्यात टेप तसाच. मामीही आल्या होत्या. घरचंच लग्न असल्यासारखी नवी हिरवी साडी, अंबाड्यावर गजरा. आईनं त्यांना बायकांच्या पंगतीत बसवलं. रंगनाथ वाढप्यांवर देखरेख करत फिरत होता.

अक्षता पडल्या आणि मामा माझ्या मागं येऊन उभे राहिले. फोटो काढणारा म्हणतोय हसा, आणि मागून मामा पुटपुटतायत, "जरा हात वर कर. तो नाय, डावा." बाशिंग सांभाळत मी हात वर केला. आहेर देणाऱ्यांना वाटलं, नवरदेव आशीर्वाद देतोय. मामांनी काखेत बोटं घातली, खांद्यावरून हात फिरवला, पाठीवर टेप लावला. एका बाजूनं बघून झालं की दुसऱ्या बाजूला जायचे. कुठंच काही सापडेना. सूट झकास शिवला होता. शेवटी ते डाव्या खांद्याशी, बाही जोडतात त्या मुंढ्याशी थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"चढलाय!" ते माझ्या कानाशी म्हणाले. "मुंढा चढलाय, वसंता! बोटभर चढलाय!"

त्याच क्षणी मांडवाच्या त्या टोकाकडून बायकांचा गलका उठला.

"फिट आली! फिट आली!"

मामांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू एक क्षण तसंच होतं, आपला शब्द कुणीतरी लांबून बोललं म्हणून ओळख लागल्यासारखं. मग ते हसू गेलं. टोपी तिथंच पडली आणि मामा पंगतीतून, पत्रावळींवरून, माणसांना ढकलत धावत सुटले. बाशिंग सावरत मीही मागं गेलो.

मामी जमिनीवर होत्या. अंग ताठलेलं, हात झटके देत होते. भोवती गर्दी. कुणी चप्पल हुंगवायला आणली होती, कुणी कांदा फोडून. एक म्हातारी "मिरगी हाय, मिरगी" म्हणत होती. आणि मामींचं डोकं मांडीवर घेऊन रंगनाथ बसला होता, घामानं निथळत.

"चप्पल फेक ती!" मामा ओरडले. इतका मोठा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. "अन् फिट नगा म्हणू! कुणी फिट म्हणू नगा तिला! चक्कर हाय. उन्हाची चक्कर हाय!"

गर्दी मागं सरली. मामा खाली बसले आणि हात पुढं करून रंगनाथला म्हणाले, "दे इकडं." पण तेवढ्यात मामींचे झटके थांबले. त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ नुसत्या वर बघत राहिल्या. मग वरचा चेहरा ओळखीचा वाटला असावा.

"रंगनाथराव," त्या पुसट आवाजात म्हणाल्या, "तुम्ही जेवलात का?"

मामांचे पुढं केलेले हात तसेच राहिले.

नंतर आईनं मला सांगितलं. मामींना हा त्रास त्यांच्या लग्नाच्या आधीपासूनचा. गल्लीतल्या जुन्या बायकांना ठाऊक होतं, पुरुषांना मामांनी कळू दिलं नव्हतं. मशीन चालू असतानाही त्यांचा एक कान पडद्याकडं असायचा. भांडं पडलं की कात्री टाकून आत.

मामींना आतल्या खोलीत निजवलं, त्यांची बहीण जवळ बसली. मामा कुठं दिसेनात. शोधता शोधता मला ते मांडवामागं पाण्याच्या पिंपापाशी सापडले. उकिडवे बसून टेप बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

"मामा, आता बरी आहे मामी."

"व्हय."

"रंगनाथ जवळच होता, म्हणून बरं झालं. नाहीतर डोकं आपटलं असतं."

मला वाटलं त्यांना धीर येईल. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "तेच तर."

मग आपणच बोलू लागले. "त्यातून उठली ना, की तिला काय बी आठवत नसतं. आपण कुठं हाव, कोण हाव, काय नाय. लहान लेकरागत बघती. मंग मी दिसतो. मी दिसलो की एकेक आठवतं तिला. घर, चूल, तिचं नाव. इतकी वर्षं डोळे उघडले की पहिलं त्वांड माहंच दिसलंय तिला." त्यांनी बोटावरचा टेप सोडवला. "आज त्याचं दिसलं. अन् त्याला बघून बी आठवलं तिला सगळं. जेवण सुद्धा आठवलं."

मी सूट सांभाळत त्यांच्याशेजारी बसलो.

"अन् मी कुठं व्हतो?" मामा म्हणाले. "तुझ्या बगलेत."

लग्नानंतर चार-पाच दिवसांनी आम्ही दोघं गल्लीतल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला निघालो. मामांच्या दारात आलो तर मशीन बंद. पडदा बाजूला केलेला. आत बघितलं आणि माझी बायको दोन पावलं मागं सरली.

मामा घोंगडीवर उताणे पडले होते, डोळे मिटून. रंगनाथ त्यांच्याशेजारी गुडघ्यावर बसून त्यांना खांद्याला धरून वळवत होता. भिंतीशी मामी मेथी निवडत बसल्या होत्या.

"तसं नाय, लेका!" मामा पडल्या पडल्या ओरडत होते. "कुशीवर घे. मान वर उचलायची नाय. हातपाय दाबून धरायचे नाय. तोंडात काय बी घालायचं नाय, पाणी सुद्धा नाय. डोक्याखाली काय तरी मऊ दे. मांडी नको देऊ, कपडा दे."

"साडूभाऊ, तुम्ही असताना मला कशाला ही तालीम?"

"मी बाजारात गेलो तर? पिशोरला गेलो तर?" मामांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "तुझ्याहून थोरला हाय मी."

मामींची नजर आमच्याकडं गेली. "अहो, उठा की. वसंताची नवी नवरी आलीय दारात, काय म्हणंल ती?"

मामांनी एक डोळा उघडून आमच्याकडं बघितलं. "बसा, पोरांनो. एवढं व्हऊ द्या." आणि पुन्हा डोळे मिटले. "आता शेवटचं ऐक, रंगनाथ. ती डोळे उघडंल. गडबडायचं नाय. लई बोलायचं नाय. तिला फकस्त सांगायचं, ते येतायत."

"तुम्ही कुठं का असेना?"

"कुठं का असंना."

मामांनी सावकाश डोळे उघडले आणि कुणाचीच ओळख नसल्यासारखे वर आढ्याकडं बघत राहिले. रंगनाथ त्यांच्यावर वाकला. त्या दिवशी पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

"अक्का," तो म्हणाला, "ते येतायत."

मेथीची काडी मामींच्या हातातच राहिली होती.

"हां," मामा म्हणाले, आणि डोळे पुन्हा मिटून घेतले. "अजून एकदा म्हण."