तव्याला चिकटलेला वेग

"माझा तवा कुठं ठिवलासा?" स्वयंपाकघरातून अनुजाने विचारले.

तिचा नवरा कृष्णात बाहेर अंगणात होता. तवा त्या वेळी त्याच्या मोटारसायकलच्या कॅरियरवर पालथा पडला होता आणि कृष्णात तो तारेने आवळत होता. शेजारी अनुजाचा धाकटा भाऊ उन्मेष काडेपेटीएवढी काळी डबी हातात धरून उभा होता. उन्मेष एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नव्या गाड्यांची चाचणी घेण्याच्या कामावर होता. डबी तिथलीच. साहेबांकडे सही करून त्याने ती दिवाळीपुरती मागून आणली होती. कशासाठी, ते साहेबांना सांगितले नव्हते, कारण म्हैस हा शब्द त्यांच्या फॉर्मवर कुठेच बसत नव्हता.

ज्यांनी कोल्हापुरातला दिवाळी पाडवा पाहिला नाही त्यांना एवढेच सांगतो, की त्या दिवशी इथली म्हैस रस्त्यावर येते. शिंगे रंगवलेली, गळ्यात घुंगरू, कपाळावर मोरपीस, आणि पुढे तिच्या मालकाची मोटारसायकल. मालक सायलेन्सर काढून गाडी भडाभडा वाजवत पळवतो आणि म्हैस त्याच्या मागे जीव खाऊन धावते. गल्लीत सगळ्यांच्या पुढे पळण्याचा मान एकाच म्हशीला. कृष्णातच्या गल्लीत तो मान अकरा वर्षे गणपतरावांच्या हरणीकडे होता. त्याआधी हरणीच्या आईकडे होता. कृष्णातचे वडील बाळासो बावीस पाडवे दुसऱ्या नंबरावर पळाले आणि गणपतरावांच्या गाडीचा धूर गिळता गिळताच देवाघरी गेले. "एकदा तरी म्होरं पळीव रं," एवढेच ते शेवटी कृष्णातला म्हणाले होते. तेव्हापासून कृष्णातला दुसरे काही सुचत नव्हते.

त्याची म्हैस चंद्री. कपाळावर पांढरा चांद, अंगाने हत्तीण, आणि चालीला, कृष्णातच्या मते, विमान. गणपतरावांच्या मते बैलगाडी. यावरून तालमीच्या कट्ट्यावर जुंपली.

"माझी हरणी चाळीसनं पळतीया," गणपतराव म्हणाले.

"कशावरनं? तुमच्या गाडीचा काटा तुमच्या लग्नापासनं चाळीसवरच हाय. गाडी स्टँडवर असली तरी चाळीस!"

"आणि तुझ्या गाडीला काटाच न्हाई!"

तेही खरे होते. शेवटी गल्लीचे वडीलधारे आकारामनाना यांनी निकाल दिला. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मोकळ्या रस्त्यावर दोन्ही म्हशींचा वेग मोजायचा. जिचा जास्त, तिच्या पुढच्या गाडीला पाडव्याचा मान. जो हरेल त्याने तुळशीच्या लग्नापर्यंत जिंकणाऱ्याचा गोठा झाडायचा, शेण काढायचे. हे ऐकून गणपतराव एवढे हसले, की त्यांच्या तोंडातला विडा समोरच्याच्या सदऱ्यावर गेला.

म्हणून ही डबी आली होती.

"दाजी, ही चाकाकडं बघत न्हाई," उन्मेषने समजावले. "केबल नको, काटा नको. वर आकाशातल्या उपग्रहांकडं बघती आणि वेग काढती. आकडा मोबाईलवर दिसतोय. फक्त डोक्यावर मोकळं आभाळ पायजे आणि बुडाला सपाट लोखंड. लोहचुंबक हाय खाली."

डबी आधी पेट्रोलच्या टाकीवर चिकटवली, पण कृष्णात गाडीवर बसला की तिच्यावर त्याचे पोट यायचे आणि डबीला आभाळाऐवजी पोट दिसायचे. कॅरियरच्या गजांवर ती ठरेना. स्टीलच्या ताटाला चिकटेना. मग कृष्णातची नजर चुलीवरच्या तव्यावर गेली. डबी तव्याला अशी चिकटली, की उन्मेषला ती दोन्ही हातांनी ओढूनही निघेना.

डबीवरचा लाल दिवा मिचमिचून हिरवा झाला. कृष्णातने वर आकाशाकडे पाहून हात जोडले.

एवढ्यात अनुजा बाहेर आली आणि तिने तवा पाहिला.

"अवो, भाकऱ्या काय तुमच्या डोस्क्यावर भाजू?"

"एक दिस भात खाऊ की गं."

"तुमी खाशीला. चंद्रीला काय घालू?"

"तिला वैरण हाय, पेंड हाय. भाकरीवाचून काय अडतंय तिचं?"

अनुजा काही बोलणार होती, पण कृष्णातने तेवढ्यात गाडीला किक मारली आणि पुढचे कोणालाच ऐकू आले नाही. ते तेव्हाच ऐकले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

गाडी चालू झाली खरी, पण ती एवढी हादरत होती, की तवा खडखडू लागला आणि जागच्या जागी उभ्या गाडीचा वेग मोबाईलवर कधी तीन, कधी सात दिसू लागला. "तव्याखाली काहीतरी मऊ घाला," उन्मेष म्हणाला. गोणपाटाची एक घडी घातली असती तरी भागले असते. पण कृष्णातचा स्वभाव अर्धवट कामाचा नव्हे. तो गाडी घेऊन तडक उद्यमनगरात गेला, इंजिन खोलून घेतले, सगळे नटबोल्ट आवळून घेतले आणि मेकॅनिकच्या सांगण्यावरून नवा कोरा सायलेन्सरही बसवून आला. संध्याकाळी गाडी घरी आली ती मांजराच्या पावलांनी. अनुजाला कळलेच नाही, की नवरा आला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलेवाडीच्या पुढच्या रस्त्यावर सगळी गल्ली गोळा झाली. आकारामनानांनी नियम सांगितला, "म्हैस गाडीपासनं दोन हातांच्या आत पायजे. आकडा उन्मेष वाचंल. भांडाभांडी न्हाई."

पहिली पाळी गणपतरावांची. तवा त्यांच्या गाडीवर बांधला तेव्हा ते जरा कुरकुरले. "इतकी वर्सं पळालो, पर असं भांडी घिऊन कधी पळालो न्हाई." तव्याखाली मात्र त्यांनी मुकाट्याने गोणपाटाची घडी घातली. गाडी भडाडली, हरणी शेपटी वर करून मागे सुटली. उन्मेष मोबाईलकडे बघत ओरडू लागला, "अठरा! बावीस! पंचवीस! सव्वीस!"

सव्वीसवर हरणी थांबली. चाळीसचे सव्वीस झाले हे गणपतरावांना लागले, पण त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "सव्वीस तर सव्वीस. ह्याच्या म्हशीला जमलं तर बघू."

तवा परत कृष्णातच्या गाडीवर आला. कृष्णातने मनात वडिलांना नमस्कार केला, गाडी चालू केली आणि निघाला. दुरुस्त केलेले इंजिन कसे चालावे? लोण्यासारखे. डबी स्थिर, दिवा हिरवा. त्याने मोबाईल हँडलला लावून घेतला होता. वीस झाले. तीस झाले. पस्तीस! कृष्णातच्या डोळ्यांत पाणी आले. बेचाळीसला तो मोठ्याने ओरडला, "आबा, म्होरं हाय बघा!" आणि गाडी वळवून हात हलवत, छाती काढून परत आला.

स्वागताला कोणी आले नाही. सगळे विचित्र नजरेने त्याच्याकडे पाहत होते.

"बेचाळीस!" कृष्णात म्हणाला.

"व्हय," आकारामनाना म्हणाले. "पर म्हैस हितंच हाय."

चंद्री जिथे होती तिथेच उभी होती. बाजूला एक फुलवाला पाडव्याच्या झेंडूच्या माळा घेऊन चालला होता. त्यातली तिसरी माळ ती सावकाश संपवत होती.

गणपतराव हसता हसता रस्त्यावर बसले. "आरं, तू गाडी पळवलीस! मग म्हैस कशाला आणलीस, फोटोला?"

"आवाज!" कृष्णात कळवळला. "सायलेन्सरचा आवाज न्हाई म्हणून तिला कळंनाच! तिला भडभड पायजे!"

सायलेन्सर काढायला पाना नव्हता. मेकॅनिकने नट असे आवळले होते, की हाताने हलत नव्हते. मग कृष्णातने दुसरी संधी मागितली, आकारामनानांनी दिली, आणि गल्लीतली बारा मोठी माणसे, त्यातले दोन सोसायटीचे संचालक, चंद्रीच्या दोन्ही अंगांना उभे राहून तोंडाने गाडीचा आवाज काढू लागली.

"भड्ड भड्ड भड्ड भड्ड!"

चंद्रीने एकेकाकडे पाहिले. मग तिने पुढचे पाय दुमडले, मागचे दुमडले आणि रस्त्याच्या मध्यभागी बैठक मारली. मागे दुधाच्या दोन गाड्या, एक एसटी आणि दुकानाच्या उद्घाटनाला निघालेला एक बँड थांबला. बँडवाल्यांना वाटले, काहीतरी कार्यक्रम आहे. त्यांनीही सूर धरला.

या गोंधळात अनुजा आपल्या बॅटरीच्या स्कूटरवरून आली. शेजारच्या क्रांतीवहिनींचा तवा मागून तिने भाकऱ्या केल्या होत्या, पण आता वहिनींना तवा परत हवा होता आणि घरात पाहुणे यायचे होते. भाकऱ्यांचे गाठोडे स्कूटरच्या मागच्या हुकाला लटकत होते. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिले, एकदा भड्ड भड्ड करणाऱ्या संचालकांकडे पाहिले.

"लाज वाटती का कुणाला?" ती म्हणाली. "माझा तवा काढा आधी."

"अगं, जरा थांब. डबी निघंना झालीया!"

"डबीसकट द्या."

तिच्या आवाजात असे काही होते, की गणपतरावांनीच पुढे होऊन तारा सोडल्या. अनुजाने डबीसकट तवा स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागी उभा केला, "भाकरी खायाची आसंल तर घरी या," म्हणाली आणि निघाली. स्कूटरचा आवाज म्हणाल तर घरातल्या पंख्याएवढा.

गाठोडे हलले. चंद्रीने मान उचलली. ती उठली, तिने अंग झटकले, आणि पुढच्या क्षणी रस्त्यावर धूळच धूळ झाली.

"आयला!" उन्मेष किंचाळला. त्याने हँडलवरचा मोबाईल ओढून घेतला. "बावीस! चोवीस!"

अनुजाने आरशात पाहिले. आरसाभर दोन शिंगे आणि एक पांढरा चांद होता. घाबरून तिने मूठ पिळली.

"पंचवीस!" उन्मेष ओरडला आणि कृष्णातच्या गाडीवर मागे बसला. बारा गाड्या चंद्रीच्या मागे सुटल्या. कृष्णात घसा फाडून ओरडत होता, "अनुजा, थांबू नगं! आजून दोन! आजून दोनच!"

"मेल्यांनो, आवरा की म्हशीला!" पुढून आवाज आला.

"तीस! दाजी, एकतीस!"

शेवटी रंकाळ्याच्या कोपऱ्यावर लाल सिग्नल लागला. अनुजा आयुष्यात कधी सिग्नल तोडून गेली नव्हती. मागे म्हैस लागली म्हणूनही तिने तोडला नाही. ती पांढऱ्या पट्ट्याच्या आत थांबली. चंद्रीही पांढऱ्या पट्ट्याच्या आत थांबली, तिने गाठोड्यात तोंड घातले आणि पहिली भाकरी काढून घेतली.

"आज सकाळची ऱ्हायली हुती तिची," अनुजा धापा टाकत म्हणाली. "रोज सरावाला निघताना तुमच्या कॅरियरला मी गाठोडं बांधत हुते. तुमी कधी मागं वळून बगितलासा व्हय?"

कृष्णातने बघितले नव्हते. सहा वर्षे तो सायलेन्सर काढून कान किटेपर्यंत गाडी वाजवत होता, आणि म्हैस भाकरीमागे पळत होती.

सिग्नल हिरवा झाला तरी कोणी हलले नाही. आकारामनानांनी तिथेच निकाल दिला. "चंद्री एकतीस. जिच्या गाडीमागनं पळाली तिला मान. म्हंजी अनुजाला."

"मग मी हरलो," गणपतराव म्हणाले. त्यांचा स्वर पडला होता.

"हरलासा. आणि कृष्णातबी हरला. त्याच्या गाडीमागनं म्हैस पळालीच न्हाई."

पाडव्याला संध्याकाळी सगळ्यांच्या पुढे ती स्कूटर होती. अनुजाने सासऱ्यांचा ठेवणीतला फेटा डोक्याला बांधला होता. पुढे तवा, मागे गाठोडे, आणि त्यामागे मोरपीस लावलेली चंद्री. सायलेन्सरचा आवाज नव्हता, म्हणून पहिल्यांदाच सगळ्या गल्लीला चंद्रीच्या घुंगरांचा आवाज ऐकू आला. फेटा वळणावर दिसेनासा झाला तेव्हा कृष्णात गणपतरावांच्या गाडीमागे धुरात उभा होता आणि रडत होता. धुरामुळे, असे तो म्हणाला.

भाऊबिजेच्या सकाळी तो आणि गणपतराव चंद्रीच्या गोठ्यात हजर झाले. हा गोठा आजवर रोज कोण झाडत होते, हे कृष्णातला तिथे उभे राहिल्यावर लक्षात आले. उन्मेषची डबी अजून परत जायची होती. अनुजाने ती तव्यावरून उलथन्याने उचकटून शेणाच्या घमेल्याला चिकटवली होती आणि मोबाईल चुलीशेजारी डब्याला टेकवून ठेवला होता.

"शून्य दाखवतंय!" आतून आवाज आला. "बसलासा व्हय दोघं?"

"उकिरडा लांब हाय गं, पोरी," गणपतराव कण्हले. त्यांनी एक खेप टाकली आणि दाराशी येऊन टेकले. अनुजाने पहिली भाकरी चंद्रीला घातली. दुसरी गणपतरावांच्या हातावर ठेवली, वर ठेचा घातला.

"आणि मला?" कृष्णातने विचारले.

"एक पॉइंट आठ," मोबाईलकडे बघत ती म्हणाली. "चंद्री ह्याच्याहून जोरात रवंथ करती."

तिसरी भाकरी तव्यावर टम्म फुगली होती आणि तिचा वास अंगणभर पसरला होता. कृष्णातने घमेले उचलले, खांद्यावर घेतले आणि उकिरड्याच्या दिशेने असा धावत सुटला, की मोबाईलवर आकडा अकराच्या वर गेला.