पंचवीस की एकवीस

अमरावतीच्या एसटी स्टँडवर धर्मपाल इंगळे यांनी उभी नोकरी गाड्या पुकारण्यात घालवली. निवृत्त झाले तेव्हा भोंगा खात्याने ठेवून घेतला, आवाज मात्र त्यांच्याबरोबर घरी आला. आता ते बातम्या पुकारत. पेपर वाचून झाला की राजकारणावर त्यांचं भाष्य सुरू होई आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई. त्यांची एक खोड होती. आधी समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा जोरात मांडायची आणि मग तिच्या चिंध्या करायच्या.

त्या शनिवारी पेपरात आलं की दारू पिण्याचं वय पंचवीसवरून एकवीसवर आणण्याचा सरकारचा म्हणे विचार आहे. धर्मपालजींच्या अंगात वारं भरलं. इंगळ्यांच्या घरात पंचशील नुसतं म्हणत नसत, पाळत असत. धर्मपालजींनी दारूचा थेंबही कधी जिभेला लावला नव्हता.

"आज तोंड आवरा जरासं," ज्योत्स्नाबाईंनी नवऱ्याला बजावलं. "उद्या अकोल्याचे पाव्हने येऊन राहिले. पोरीले पोरगा पसंत हाय, पन किसनरावायनं अजून हो म्हटलं नाई."

"मी कायले काई बोलतो?" असं म्हणून धर्मपालजी चहाच्या टपरीवर गेले आणि बोलू लागले.

त्यांचे जुने दोस्त नत्थुजी बशीत चहा ओतत म्हणाले, "वय पंचवीस ठेवा नाईतं पन्नास, इचारते कोन?"

"इचारत नसन तं कायदा कायले हाय मंग?"

"समोर दुकान हाय. जाऊन पाहा ना."

धर्मपालजी तडक उठले. आधार कार्ड हातात धरून दारूच्या दुकानात उभे राहिले. दुकानदाराने ना वय विचारलं, ना परवाना. फक्त "कोनती?" म्हणाला.

"तुले माह्यं वय इचाराचं नाई?"

दुकानदाराने त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे एकवार पाहिलं. "काका, मांगं गर्दी हाय."

तपासणी अर्धवट राहू नये म्हणून धर्मपालजींनी बाटली विकत घेतली आणि पुरावा म्हणून ती उंच धरूनच बाहेर आले. नेमकी तिथे एका यूट्यूब चॅनेलची मुलगी माईक घेऊन लोकांची मतं गोळा करत होती.

"काका, पंचवीस की एकवीस?"

माईक पाहिला आणि धर्मपालजींना जुने दिवस आठवले. नेहमीप्रमाणे त्यांनी आधी समोरच्याची बाजू घेतली. "अठराव्या वर्षी मत देता येते. एकविसाव्या वर्षी लगन करता येते. म्हंजे सरकारचा ताप अठरापासून, संसाराचा एकवीसपासून. अन् इसराचं औषध कवा? पंचविशीत, आमदार व्हाच्या वयात. हा कोनता न्याय हाय?"

टपरीवरून टाळ्या पडल्या. मग त्यांनी खरं मत सुरू केलं. दारूनं घरं कशी बुडतात, कायदा उलट कडक का हवा, सगळं सांगितलं. बोलून झाल्यावर पाहिलं, तर मुलगी केव्हाच पुढच्या माणसाकडे गेली होती. त्यांनी बाटली नालीत रिकामी केली आणि समाधानाने घरी आले.

संध्याकाळी त्यांच्या मुलीने, मोनालीने, मोबाइल त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर ते होते, हातात बाटली होती आणि तोंडात फक्त समोरच्याची बाजू.

"बाबा, हे अकोल्याले पोचलं तं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपल्या आवाजाची धर्मपालजींना आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली. तेवढ्यात अकोल्याहून मुलाचे वडील किसनराव वानखडे यांचा फोन आला.

"व्हिडिओ पायला. उद्या येऊन राहिलो. समोरासमोर बोलू."

रविवारी किसनराव आणि त्यांच्या पत्नी जाईबाई आले. पोहे खाऊन झाले. मग किसनराव म्हणाले, "धर्मपालजी, गच्चीवर चला जरासे."

वर जाताच त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली बाटली काढली. "तुमच्यासाठी. खाली हात कसं याचं?"

धर्मपालजींनी कागद सोडून पाहिला. म्हणजे हा माणूस पितो. आपली पोर पिणाऱ्याच्या घरात द्यायची? पण पाहुण्याने आणलेल्या वस्तूला तोंडावर नाही म्हणणं वऱ्हाडात कुणाला जमलंय? ते खाली गेले आणि स्टीलचे दोन ग्लास घेऊन आले. सोबत काय लागतं ते ठाऊक नसल्याने लिंबू, साखर आणि मीठही आणलं. किसनरावांनी ताक ओतावं तसे ग्लास काठोकाठ भरले.

"घ्या."

"आधी तुमी. पाव्हन्याचा मान."

"मान घरधन्याचा. घ्या तुमी."

बराच वेळ मानच चालला. शेवटी धर्मपालजींनी आभाळाकडे बोट केलं. "ते पाहा इमान. अमरावतीवरून आता इमान उडते." किसनरावांची मान वर गेली तसा त्यांनी ग्लास गच्चीच्या पन्हळीत उपडा केला. पाहतात तर शेजारी आणखी एक ग्लास उपडा होत होता.

"तुमी पेत नाई?" धर्मपालजींनी विचारलं.

"जन्मात नाई. जाई म्हने, संबंध नको. मी म्हटलं, मानूस दिलखुलास हाय, जवळ बसून पाहू किती पेते. अन् तुमी?"

"तुमी किती पेता ते पाहून राहिलो होतो."

दोघे कठड्याला धरून हसू लागले. तेवढ्यात खालून जाईबाईंची किंकाळी आली. पन्हळ अंगणातल्या बाजेवर उतरत होती आणि बाजेवर जाईबाई बसल्या होत्या.

दोघे धावत खाली आले. सगळी हकीकत ऐकून जाईबाईंचा राग नवऱ्यावर निघाला. "तुमची परीक्षा झाली, पन अशा वासानं मी अकोल्याच्या गाडीत बसू कशी? लोकं काय इचारतीन?"

धर्मपालजींच्या जिभेला हाड कुठलं. "पंचवीसच्या वर हा ना तुमी? कोनी काई इचारत नाई. मी कालच पाहून आलो."

 मोनालीने कपाळावर हात मारून घेतला. ज्योत्स्नाबाईंनी मात्र जाईबाईंना हाताला धरून आत नेलं आणि ठेवणीतली कोरी साडी काढून दिली.

जाईबाई बाहेर आल्या तेव्हा शेजारच्या आशाबाई कुंपणाशीच उभ्या होत्या. मुलीच्या घरची कोरी साडी मुलाच्या आईने नेसली की सोयरीक पक्की, हे त्या गल्लीत लहान पोरांनाही कळतं.

"काहो, विहिनीले साडी नेसवली? जमलं म्हना की."

 जाईबाईंनी दोरीवर निथळणाऱ्या आपल्या साडीकडे पाहिलं, मग अंगावरच्या कोऱ्या निऱ्यांवरून हात फिरवला.

"जमलं म्हनाच लागते आता," त्या म्हणाल्या. "नाई म्हटलं तं ते दारूचं लुगडं नेसून अकोल्याले जा लागीन मले."

धर्मपालजींनी बोलायला तोंड उघडलं. मोनालीने तेवढ्यात त्यात पेढा कोंबला.