रांजणाखालची रिंग

घरच्या रांजणात गार पाणी असताना जो शेजारच्या बोरिंगवर जाऊन तहान भागवतो, त्याच्या वागण्यात बिघाड झाला असं खुशाल समजावं. पार्वताबाईचा नातू अनुप, वर्ग दहावा, आठ दिवसांपासून हेच करत होता. घरचा भात खायचा, घरचं वरण ओरपायचा, आणि ठसका लागला की गोमाजीच्या बोरिंगकडे धावायचा. भंडारा जिल्ह्यातल्या करडीकडच्या त्या गावात पार्वताबाईच्या रांजणाचं पाणी प्यायला माणसं वाट वाकडी करून येत. दुसऱ्या वर्गात शाळा सोडून त्याच गावच्या हायस्कुलाच्या समितीची अध्यक्ष झालेली बाई ती. तिच्याच अंगणातून पोट्टा कोरड्या घशानं जात होता.

कारण झालं बास्केटबॉल.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा उंच पोरं सगळी तिकडे गेली, असं हायस्कुलाचे खेळाचे सर सांगत. तरीही गावचा संघ राज्य स्पर्धेत पोचला, आणि तो रीतसर पोचला. जिल्ह्याच्या सामन्याला समोरचा संघ लाखनीजवळ ट्रकांच्या रांगेत अडकला. विभागाच्या सामन्याआधी उरलेल्या दोन संघांनी एकमेकांच्या वयाच्या दाखल्यांवर तक्रार केली, आणि दोन्ही तक्रारी खऱ्या निघाल्या. न खेळलेला संघ नियमात वीस-शून्यानं हरलेला धरतात. म्हणजे चेंडूला हात न लावता दोन विजय, आणि आपल्यावर एकही गुण नाही. (इतका भक्कम बचाव राज्यात दुसऱ्या कोणाचा नव्हता.) चौकात फ्लेक्स लागला, 'अपराजित'. त्यावर बारा खेळाडू तांदळाएवढे आणि अध्यक्ष परातीएवढ्या.

सराव मात्र खरा झाला, एका रिंगेवर. मुळात रिंगा दोन होत्या. पण समितीच्या सभेत पार्वताबाईनं विचारलं होतं, "पोट्टे दहा, चेंडू एक, मंग रिंगा दोन कायले?" सरांनीही हात वर केला. ठराव एकमतानं पास. मग दुसऱ्या टोकाचा खांब गावातल्या धनीरामच्या गोठ्याला लागला, फळीचं बालवाडीत टेबल झालं, जाळी गोमाजीच्या कोंबड्यांवर गेली. उरली लोखंडी रिंग. ती अध्यक्षांच्या रांजणाखाली अशी चपखल बसली, की सरकारनं माप रांजणाचंच घेतलं असावं. (वाचणाऱ्यांच्या घरी कोणत्या कचेरीची पंचिंग मशीन आणि कोणाच्या लग्नातली परात आहे, ते या यादीत धरलेलं नाही.)

राज्य स्पर्धा त्या साली भंडाऱ्यालाच होती. जिंकणारा संघ पुढच्या फेरीत जाणार होता आणि त्यातल्या दोघांची राज्याच्या शिबिरासाठी निवड होणार होती. सरांच्या वहीत पहिलं नाव अनुपचं होतं. पार्वताबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. अर्ध्या वेळेला गावचा संघ चौदा गुणांनी पुढे होता. एकाच रिंगेवर तीन वर्षं हात बसलेला, चुकणार कसा?

मग नियमाप्रमाणे संघांनी बाजू बदलल्या; आता जुन्या रिंगेत पडलेला चेंडू समोरच्यांच्या खात्यात जाणार होता. ही चाल गावात कोणी पाहिली नव्हती. पोरं चेंडू घेऊन जुन्या रिंगेकडे निघत, सर ओरडत, पोरं अर्ध्यातून माघारी फिरत. चौदाची आघाडी झिजत एका गुणावर आली. सहा सेकंद उरले. चेंडू अनुपच्या हाती. त्याला नुसतं धरून उभं राहायचं होतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "अनुप! आपल्या पहिल्याच रिंगेत टाक! हातची सोडू नको!"

आजीचं ऐकणारा पोरगा. त्यानं टाकला. सुरेख पडला.

त्या मैदानावर सगळ्यांत जास्त टाळ्या पार्वताबाईनं वाजवल्या. समोरच्या संघाची माणसंही उठून वाजवू लागली, तेव्हा "लोक संस्कारी आहेत" असं ती शेजारणीला म्हणाली. एक्केचाळीस-बेचाळीस हा निकाल तिला गाडीत बसल्यावर सरांनी समजावून सांगितला. दोनदा.

नवव्या दिवशी तिनं अनुपला अंगणात अडवलं. "काहून रे, माहं पाणी कडू लागून राहिलं काय?"

"पाणी नाही, आजी." तो रांजणाच्या बुडाकडे पाहत होता. "मैदानाले दोन रिंगा असतात. मी भंडाऱ्यातच पहिल्यांदा पाहिल्या."

पार्वताबाई रांजणाशी गेली. तिनं रांजण उपसला, पाणी वालाच्या वेलाला घातलं, शेवटचा गिलास अनुपपुढे धरला. तो त्यानं एका दमात रिकामा केला. तिनं रिंग ओढून काढली, पदरानं गंज पुसला आणि ती त्याच्या हातात दिली.

"घे. उद्या मैदानात ठोकून टाक. पोट्टे माह्या ओरडण्यानं हरले, हे मी सभेत उभी राहून सांगीन. माहं तोंड आहे, मीच निस्तरीन. पण रांजण का मी डोक्यावर घेऊन बसू? शाळेत लेझीमचे ढोल दोन आहेत. पोट्टे नाचतात एकाच तालावर. येताना एकाचं कडं काढून आण."